दुभाष्या कोणाचा? परकीय भाषा, परकी रीत आणि कोकण किनाऱ्याची सुरक्षा

खाडीकाठ (दाभोळ) · धागाकर्ता

किनारी सुरक्षेचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा गस्तीनौका, रडार आणि बंदरावरची पोलीस चौकी यांच्यापुढे सहसा सरकत नाही. समोरचा माणूस काय बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो आणि जे बोलायला हवे होते ते का टाळतो, हे ओळखणारा माणूस आपल्या बाजूला आहे का, हा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. माझ्या मते तो सुरक्षेचाच प्रश्न आहे आणि कोकणाला तो साडेतीनशे वर्षांपासून परिचित आहे.

१६७४ च्या राज्याभिषेकाला मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला होता, हे आपण शाळेत वाचलेले असते. त्याच्यासोबत नारायण शेणवी हा कंपनीच्या पदरचा दुभाष्या होता, याकडे आपले लक्ष जात नाही. सोहळ्याच्या आधीही तो गडावर बोलणी करून आला होता आणि तिथली हकीकत मुंबईला कळवत होता. दरबारातले अधिकारी, त्यांचे मानपान, कोणाला आधी भेटावे, कोणाला कोणता नजराणा द्यावा, हे सारे कंपनीला अशाच माणसांकडून कळत असे. म्हणजे दोन्ही बाजूंना जोडणारा माणूस एकच होता आणि त्याचा पगार एका बाजूकडून होत होता.

पोर्तुगीजांनी तर गोव्यात सरकारी दुभाष्याचे पदच निर्माण केले होते आणि त्यावर बहुधा स्थानिक सारस्वत घराण्यांतली माणसे नेमली जात. गोव्याच्या दफ्तरखान्यात शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची स्वतंत्र दफ्तरे आहेत. पांडुरंग पिसुर्लेकरांनी ती चाळून पोर्तुगीजांच्या या एतद्देशीय वकिलांवर १९५२ मध्ये एक मोठा ग्रंथ पोर्तुगीज भाषेत लिहिला. आपल्याच माणसांच्या भाषाज्ञानावर परक्याचे परराष्ट्र खाते कसे चालले, हे त्यातून दिसते.

आपल्या बाजूला समज नव्हती असे मुळीच नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांविषयीचे, म्हणजे युरोपीय व्यापाऱ्यांविषयीचे, जे प्रकरण आहे, ते तीनशे वर्षांपूर्वीचे उत्तम सुरक्षा-टिपण आहे, असे मी म्हणेन. हे लोक इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, प्रत्येकाच्या पाठीशी त्याचा राजा आहे, समुद्रकिनाऱ्यावर यांना वखारीसाठी जागा देताना जपावे, अशा आशयाचा इशारा अमात्यांनी दिला आहे. ही समज बंदरावर येणाऱ्या माणसांचे वागणे वर्षानुवर्षे पाहून आलेली आहे.

पण ती पुढच्या पिढीला शिकवण्याची सोय आपण केली नाही. कंपनीने १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढले, विल्यम कॅरे तिथे मराठी शिकवू लागला आणि १८०५ मध्ये त्याने मराठीचे व्याकरण छापले. कॅप्टन मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा. तो आपण आजही कौतुकाने वापरतो, आणि वापरावाच; पण तो एका लष्करी अधिकाऱ्याने, राज्य चालवणाऱ्यांच्या गरजेसाठी केला होता, हेही ध्यानात असू द्यावे. पुण्याच्या दरबारात तरुण कारकुनांना इंग्रजी शिकवणारी अशी कोणतीही संस्था उभी राहिली नाही.

आज कोकणच्या किनाऱ्यावर दुभाष्या कोणाचा आहे, याविषयी जाणकारांनी लिहावे.

मोडीवाचक (राजापूर)

विषय चांगला मांडला आहे, पण त्यात थोडी भर घालणे आवश्यक वाटते. मराठ्यांकडेही अशी माणसे होती. पितांबर शेणवी हा शिवाजी महाराजांचा वकील म्हणून गोव्यात वाटाघाटी करीत असे, आणि पोर्तुगीज दरबाराची रीत त्याला ठाऊक होती. उणीव व्यक्तींची नव्हती. एका माणसाचे ज्ञान त्याच्याबरोबर संपत गेले, ही उणीव होती.

राजापूरच्या वखारीचे उदाहरण आमच्या गावचे म्हणून सांगतो. १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफा आणि दारूगोळा पुरवला आणि वर आपले निशाणही फडकावले. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि हेन्री रेव्हिंग्टनसह इंग्रजांना कैदेत टाकले. पन्हाळ्यावर गेलेले इंग्रज आणि राजापुरात कापड-मिरी खरेदी करणारे इंग्रज वेगळे आहेत, असे महाराजांनी मानले नाही. अमात्यांनी पुढे जे लिहिले, त्याची ही आधीची प्रचीती समजावी. इंग्रजांची चिकाटीही पाहण्यासारखी आहे. राजापूरच्या नुकसानभरपाईचा हिशेब त्यांनी सोडला नाही आणि १६७४ च्या तहापर्यंत तो पुढे रेटला.

दुसरे उदाहरण आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. रघुनाथरावांचे वकील हणमंतराव आणि मणियार पारशी १७८१ मध्ये थेट लंडनला पोहोचले होते. तिथे त्यांचे हाल झाले आणि ब्रिटिश संसदेतल्या एडमंड बर्कने त्यांना आधार दिला. लंडनमध्ये माणूस पाठवावा हे सुचले ते पुणे दरबाराविरुद्ध इंग्रजांच्या आश्रयाला गेलेल्या पक्षाला, यावर काय बोलावे!

याच्या अगदी उलट बाजूचे उदाहरण गोव्याचे आहे. संभाजी महाराजांच्या १६८३ च्या स्वारीने हादरलेल्या पोर्तुगीज सत्तेने १६८४ मध्ये फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलावे. शेजाऱ्याची भाषा घरात बोलली जाते म्हणजे घर फितूर आहे, अशी ती भीती होती. कोंकणी त्यामुळे संपली नाही. आणि दुसरीकडे दुभाष्यांवाचून त्याच सत्तेचे पान हलत नव्हते.

बंदर_रोड (रत्नागिरी)

इतिहास रंजक आहे, परंतु धाग्याच्या मूळ प्रतिपादनाशी मी असहमत आहे. १९९३ च्या सुरुवातीला शेखाडी आणि दिघी इथे स्फोटके उतरली, त्या वेळी भाषेचा कोणता अडसर होता? उतरवणारे, वाहून नेणारे आणि डोळेझाक करणारे सगळे इथलीच भाषा बोलत होते. कस्टम्स आणि पोलीस खात्यांतली माणसे पुढे न्यायालयात दोषी ठरली. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली ती लाचखोरीमुळे आणि बेपर्वाईमुळे.

२००८ चेही तसेच. ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका पळवून दहा हल्लेखोर मुंबईला आले. कुलाब्याच्या मच्छीमार वस्तीतल्या लोकांना ही मुले उतरताना दिसली आणि वेगळी वाटली. तिथे अरबी किंवा पश्तू जाणणाऱ्या विद्वानाची गरज नव्हती. पाहिलेले कोणाला सांगायचे आणि ऐकणारा ते मनावर घेईल का, हाच प्रश्न होता. त्यामुळे भाषेचे महत्त्व मान्य करूनही, तिला सुरक्षेचे हत्यार म्हणताना आपण प्रामाणिक यंत्रणेचा पर्याय शोधत नाही ना, हे तपासावे.

खाडीकाठ (दाभोळ)

बंदर_रोड साहेब, १९९३ विषयी आपण लिहिले ते पूर्णपणे मान्य आहे. विकला गेलेला माणूस कितीही भाषा जाणत असला तरी निरुपयोगी, किंबहुना अधिक घातक.

२००८ चा मुद्दा मात्र मी वेगळ्या प्रकारे वाचतो. हल्ला चालू असताना पाकिस्तानातून येणारे फोन आपल्या यंत्रणा ऐकत होत्या. ते संभाषण आपल्याकडच्या कोणालाही समजण्यासारखे होते. तरीही बोलणाऱ्यांपैकी एकाची ढब आणि शब्दांची निवड पाकिस्तानी माणसाची नाही, तो भारतात वाढलेला असावा, हे जाणकार कानांनी टिपले. पुढे २०१२ मध्ये सौदी अरेबियातून आणलेला झबिउद्दीन अन्सारी आपल्याच बीड जिल्ह्यातला निघाला. शब्दांचा अर्थ सर्वांना लागला, पण बोलणारा कुठला हे थोड्यांनाच कळले. मला भाषाज्ञानातून अपेक्षित आहे ते हे दुसरे काम. आपण सांगितलेले कुलाब्याचे लोकही तेच करत होते, फक्त कानांऐवजी डोळ्यांनी. इथला माणूस कसा उतरतो, कसा चालतो, सामान कसे उचलतो हे त्यांना माहीत होते, म्हणून परका उठून दिसला.

परभाषा_विद्यार्थिनी (सावंतवाडी, सध्या पुणे)

मी रशियन शिकते, त्यामुळे या विषयात मला थोडा स्वार्थ आहे, हे आधीच सांगते.

अमेरिकेने १ नोव्हेंबर १९४१ रोजी, म्हणजे पर्ल हार्बरवर हल्ला होण्याच्या महिनाभर आधी, सॅन फ्रान्सिस्कोच्या लष्करी तळावर जपानी भाषेची एक गुप्त शाळा सुरू केली. तिथले बहुतेक विद्यार्थी अमेरिकेत जन्मलेले जपानी वंशाचे तरुण होते. युद्ध सुरू झाल्यावर पश्चिम किनाऱ्यावरच्या याच समाजाला सरकारने घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबले. आणि त्याच समाजातली मुले पॅसिफिकमधल्या बेटांवर जपानी कागदपत्रे वाचत, युद्धकैद्यांशी बोलत अमेरिकन सैन्याच्या उपयोगी पडत होती. या शाळेतून सुमारे ६,००० जण बाहेर पडले. आज मॉन्टेरेला असलेली त्यांची संरक्षण भाषा संस्था हे तिचेच पुढचे रूप आहे. तिथे स्पॅनिश किंवा फ्रेंचच्या मूळ अभ्यासक्रमाला ३६ आठवडे लागतात, तर अरबी, चिनी आणि कोरियनला ६४. आणि तेही दिवसभर दुसरे काही न करता. भाषा ऐनवेळी विकत घेता येत नाही, हे त्या आठवड्यांवरून समजावे.

एवढी व्यवस्था असूनही १० सप्टेंबर २००१ रोजी टिपलेले दोन अरबी संदेश १२ सप्टेंबरला भाषांतरित झाले. वेळेत झाले असते तरी ठिकाण त्यातून कळले नसते, त्यामुळे भाषांतर झाले असते तर ११ सप्टेंबरचा हल्ला टळला असता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण ऐकणारी यंत्रे भरपूर आणि समजणारी माणसे थोडी, ही स्थिती त्यातून उघड झाली.

आपल्याकडे दिल्लीत संरक्षण मंत्रालयाची परकीय भाषा शाळा १९४८ पासून आहे. तिथे अरबी, फारसी, पश्तू, चिनी, तिबेटी, ब्रह्मी, सिंहली अशा भाषा शिकवतात. परराष्ट्र सेवेतल्या प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला एक परकीय भाषा शिकावीच लागते. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी शिकायला विद्यार्थी गर्दी करतात. मात्र माझ्या वर्गातल्या बहुतेकांचे डोळे माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांकडे असतात आणि त्यात गैर काही नाही. नकाशात कोकणासमोर ओमान, येमेन, सोमालिया आणि इराण दिसतात. सोमाली किंवा बलुची शिकणारा एकही मराठी विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.

म्हसळेकर (पूर्वी कुवेत)

ताई, आपण शिकणाऱ्यांचा शोध वर्गात घेत आहात. आमच्या तालुक्यात तो ओट्यावर घ्यावा लागेल. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड, बाणकोट, दापोली या पट्ट्यातल्या मुसलमान मोहल्ल्यांत आखातात आयुष्य घालवलेली किंवा जहाजावर नोकरी केलेली माणसे घराघरांत आहेत. काही घराण्यांची माणसे केपटाउनला पिढ्यान्‌पिढ्या राहिली. मी स्वतः कुवेतच्या बंदरावर मालाच्या नोंदी ठेवण्याचे काम केले.

मदरशात शिकलेली अरबी आणि बंदरावरची अरबी यांत मोठे अंतर असते, हे तिथे पोहोचताच कळते. इजिप्तचा कारकून, येमेनचा हमाल आणि कुवेती अधिकारी हे तिघे तीन तऱ्हेची अरबी बोलतात. कुवेती माणूस तोंडावर नकार देणे असभ्य समजतो. तो चहा मागवतो, घरच्यांची चौकशी करतो, बघू म्हणतो, आणि आपण उठलो की ते काम झाले नाही असे समजायचे असते. नवा माणूस पंधरा दिवस होकाराची वाट पाहत बसतो. येमेनी माणूस मोठ्याने बोलू लागला तर भांडण होईलच असे नाही. शांत झाला तर मात्र सावध राहावे. ही ठोकताळ्याची समज आहे आणि ती चुकूही शकते, पण ती कोणत्याही पुस्तकातून मला मिळाली नसती.

१९९० मध्ये इराकने कुवेत घेतले तेव्हा सुमारे पावणेदोन लाख भारतीयांना जॉर्डनमार्गे बाहेर काढावे लागले. कोणत्या नाक्यावर कोणाशी कसे बोलावे, कोणते कागद पुढे करावे, बायका-मुले असलेल्या गाडीला कुठे थांबवणार नाहीत, हे सांगणारी माणसे त्या लोकांतलीच होती. २०१५ मध्ये येमेनमधून ४,००० हून अधिक भारतीयांना सोडवून आणले, तेव्हाही असेच घडले असणार. संकटातल्या आपल्या नागरिकांना परत आणणे ही राष्ट्रीय सुरक्षा नव्हे काय?

आता नाजूक गोष्ट लिहितो. परदेशात राहून आलेला आणि अरबी बोलणारा माणूस आपल्याकडे पोलिसांच्या नोंदीत येतो तो बहुधा चौकशीसाठी. कोकणात अरबी जाणणारे किती आणि कोण, याची यादी ज्ञानाचा साठा म्हणून कोणी केली असेल असे मला वाटत नाही. ताईंनी जपानी मुलांची गोष्ट सांगितली ती वाचताना मला हेच आठवत होते.

मोडीवाचक (राजापूर)

म्हसळेकर भाई, प्रतिसाद फार मोलाचा आहे. १६८४ चे फर्मान आणि आपला शेवटचा परिच्छेद शेजारी ठेवून वाचावे, एवढेच म्हणतो.

बंदर_रोड (रत्नागिरी)

म्हसळेकर भाईंच्या प्रतिसादानंतर माझा विरोध काहीसा मवाळ झाला आहे. पण यादी हा शब्द दिसला की मी बिचकतो. आज ज्ञानाचा साठा म्हणून केलेली यादी उद्या कोणाच्या हाती पडेल, याची हमी कोण देणार? अमेरिकन सैन्याने इराक आणि अफगाणिस्तानात मानववंशशास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर पाठवण्याचा उपक्रम २००७ मध्ये सुरू केला. लोकांची रीत समजून घेऊन रक्तपात टाळावा, असा त्याचा उद्देश सांगितला गेला. त्याच वर्षी अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने त्याला विरोध केला, कारण विश्वासाने सांगितलेली माहिती लक्ष्य ठरवायला वापरली जाण्याचा धोका होता. २०१४ मध्ये तो उपक्रम बंद पडला. संस्कृतीची समज हे हत्यार म्हणायचे असेल, तर त्याची दुसरी धार कोणाकडे वळते हेही पाहिले पाहिजे.

भाषेची रोखठोक गरज जिथे निर्विवाद आहे, असे एक ठिकाण मात्र मी सुचवतो. मार्च २०२४ मध्ये नौदलाने ‘रुएन’ हे अपहृत जहाज सोडवले आणि शरण आलेल्या ३५ सोमाली चाच्यांना मुंबईत आणून पोलिसांच्या ताब्यात दिले. आरोपीला समजत नसलेल्या भाषेत साक्ष झाली तर ती भर न्यायालयात त्याच्या भाषेत समजावून सांगितली पाहिजे, असा आपल्या फौजदारी प्रक्रियेचा नियम आहे. म्हणजे समुद्रातली कारवाई कितीही चोख झाली, तरी सोमाली जाणणारा भरवशाचा दुभाष्या नसेल तर पुढचा खटला लटका पडतो. तो दुभाष्या पोलिसांचा हवा, न्यायालयाचा हवा की आरोपीचा, हा धागाकर्त्यांचा मूळ प्रश्न इथे अगदी कायद्याच्या भाषेत उभा राहतो.

तांडेलाची_नात (हर्णै)

एवढ्या दूर जाण्याची गरज नाही. हर्णै, मिरकरवाडा, साखरी नाटे कुठेही जा. ट्रॉलरवरचे आणि पर्ससीन जाळ्यांच्या बोटींवरचे कितीतरी खलाशी नेपाळी आहेत. स्थानिक मुले या कामाला फारशी येत नाहीत, त्यामुळे नेपाळी माणसे नसतील तर हंगामच उभा राहणार नाही. ती कष्टाळू आहेत, त्यांच्याविषयी माझी कोणतीही तक्रार नाही, आणि हे वाचून कोणी त्यांच्याकडे संशयाने पाहू नये, अशी विनंती आहे.

अडचण वेगळी आहे. किनारी सुरक्षेची तपासणी होते किंवा समुद्रात अपघात होऊन जबाब घ्यायचा असतो, तेव्हा खलाशाशी बोलायला तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) किंवा बोटमालकालाच पुढे करतात. खलाशी दोन वाक्ये बोलतो, तांडेल एक वाक्य सांगतो आणि कागदावर अर्धे उतरते. आता विचार करा. बोटीवर माणूस बुडाला, किंवा पगार थकला, किंवा समुद्रात बोटीने जायला नको तिथे जाऊन काही घेतले, तर खलाशी ते तांडेलाच्या तोंडून पोलिसांना कसे सांगणार? माझ्या आजोबांना मी हे विचारले तेव्हा ते हसले आणि म्हणाले, “म्हणून तर तांडेलच दुभाष्या बरा.” आमच्याच धंद्यातली गोष्ट असल्यामुळे मी हे जरा धीर करून लिहीत आहे.

लिपी देवनागरी असल्यामुळे हवालदाराला नेपाळी कागद वाचता येतो आणि त्यातले निम्मे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून आपल्याला नेपाळी समजते असा समज करून घेतला जातो. शिवाय नेपाळातून आलेल्या सगळ्यांची मातृभाषा नेपाळीच असते असे नाही. थारू आणि मगर बोलणारेही असतात. ज्या खलाशाची नेपाळीही मोडकी आहे, त्याला तिच्यातून तांडेलाच्या मोडक्या हिंदीत यावे लागते आणि तिथून जबाब मराठीत उतरतो.

सागर रक्षक दलात मासेमार आहेत, १०९३ हा किनारी सुरक्षेचा मदत क्रमांक बंदरावर रंगवलेला आहे. पण त्या क्रमांकावर नेपाळी माणसाने फोन केला तर पलीकडून काय उत्तर मिळेल?

खाडीकाठ (दाभोळ)

ताई, नारायण शेणव्याची गोष्ट मी जुनी म्हणून सांगितली होती. आपण ती आजच्या जेटीवर आणून ठेवलीत. ज्याचा हितसंबंध गुंतला आहे तोच दुभाष्या, ही रचना तशीच आहे, आणि या खेपेला ती आपणच उभी केली आहे.

बंदर_रोड यांचा यादीविषयीचा आक्षेप मला पटतो. आखातातून आलेल्या माणसांची नावे पोलिसांनी गोळा करू नयेत. ज्यांना इच्छा आहे त्यांनी एखाद्या महाविद्यालयात अरबीच्या संभाषणवर्गाला शिकवायला यावे, त्याचे रीतसर मानधन मिळावे आणि वर्ग सर्वांना खुला असावा. त्या वर्गातून उद्या कोणी नौदलात जाईल, कोणी तटरक्षक दलात, कोणी दुबईच्या कंपनीत. माणूस शिक्षक म्हणून पुढे आला की त्याच्या ज्ञानाकडे पाहण्याची दृष्टी आपोआप बदलते.

म्हसळेकर (पूर्वी कुवेत)

अशा वर्गाला मी आनंदाने येईन. एक अट राहील. वर्गात गणवेशातला माणूस विद्यार्थी म्हणून बसावा, पाहणी करायला नव्हे. खबऱ्या हा शिक्का एकदा बसला की मोहल्ल्यात कोणी दार उघडत नाही, आणि ज्याच्यासाठी दार उघडत नाही त्याला पुढची बातमीही कळत नाही. हे पोलिसांच्याही सोयीचे नाही.

परभाषा_विद्यार्थिनी (सावंतवाडी, सध्या पुणे)

नेपाळीचे काम तर लगेच सुरू करता येईल. पुण्यात नेपाळी विद्यार्थी आहेत. खलाशाने स्वतः भरायची एक पानाची माहिती, अपघातानंतर विचारायचे प्रश्न आणि मदत मागण्यासाठीची चार वाक्ये नेपाळीत लिहून आणि मोबाइलवर त्यांच्या आवाजात मुद्रित करून मी मिळवू शकते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता येईल. थारूसाठी कोणी सापडते का, हेही पाहते.

तांडेलाची_नात (हर्णै)

३१ जुलैला मासेमारी बंदी उठते आणि त्याच्या आठवडाभर आधीपासून खलाशी गावाहून यायला लागतात. तोपर्यंत पाने तयार झाली तर मी मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात ठेवून घेईन. प्रश्न विचारताना तांडेल शेजारी उभा नसावा, हे वाक्य सूचनांमध्ये सर्वांत वर लिहा. आजोबांना मी सांभाळते.